बंगालचा उपसागर, मुक्काम पोस्ट बंगळुरू

बंगळुरूहून समुद्र बघायला निघालात तर पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, रस्त्याने तीनशेच्या वर किलोमीटर कापावे लागतात. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. तरीही बंगालच्या उपसागरात कुठल्या महिन्यात पाणी कुठे वाहतं, कुठे चढतं आणि कुठे उतरतं, याचं गणित मांडणारं देशातलं एक आघाडीचं ठिकाण इथंच आहे. १९०९ साली सुरू झालेली भारतीय विज्ञान संस्था, म्हणजेच जुन्या बंगळुरूकरांची ‘टाटा इन्स्टिट्यूट’! या उपसागरावर तयार होणारे ढग आणि कमी दाबाची क्षेत्रं पार विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पाऊस घेऊन येतात. त्यामुळे या पाण्याचा हिशोब थेट आपल्या शेतापर्यंत पोचतो. त्या हिशोबातल्या या काही भन्नाट गोष्टी.

१. पुण्यात जन्म, हार्वर्डला डॉक्टरेट, बंगळुरूत कर्मभूमी

या कामाच्या पायाभरणीत एक मराठी नाव ठळक आहे, सुलोचना गाडगीळ. १९४४ साली पुण्यात जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी १९७० मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली. विषय होता अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या बलाढ्य प्रवाहाची वळणं. १९७१ मध्ये त्या मायदेशी परतल्या, काही काळ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत होत्या आणि १९७३ मध्ये बंगळुरूला गेल्या. १९८२ च्या सुमारास विज्ञान संस्थेत वातावरण विज्ञानाचं केंद्र उभं राहिलं. त्यातूनच आजचं वातावरण आणि महासागर विज्ञान केंद्र आकाराला आलं. पावसाचा अभ्यास करायचा तर समुद्र वगळून चालणार नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं. कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांशी बोलून पेरणीची वेळ आणि पाऊस यांचा मेळ घालण्याचं कामही त्यांनी केलं. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांनी सुरू केलेलं काम मात्र जोमात चालू आहे.

२. सुपासारखा समुद्र

नकाशा उघडा आणि बंगालचा उपसागर बघा. पश्चिमेला भारत, उत्तरेला बांगलादेश, पूर्वेला म्यानमार आणि अंदमान-निकोबारची रांग. तीन बाजू बंद, एक उघडी, अगदी सुपासारखी. उघडी बाजू दक्षिणेला, विषुववृत्ताकडे. या सुपात गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी अशा नद्या आपलं सगळं पाणी ओततात. वरून धो धो पाऊस पडतो तो वेगळाच. बाष्पीभवनाने जितकं पाणी उडतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त गोडं पाणी इथं येतं. शेजारच्या अरबी समुद्राचा हिशोब याच्या बरोबर उलटा. तिथं बाष्पीभवन जास्त आणि गोड्या पाण्याची आवक कमी. म्हणून अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ सापडतं, तर उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ते ३० ग्रॅमच्याही खाली जातं. एकाच देशाचे दोन किनारे, पण पाण्याच्या दोन तऱ्हा!

३. वर्षातून दोनदा उलटणारा प्रवाह

गल्फ स्ट्रीम बारा महिने एकाच दिशेने वाहतो. आपल्या पूर्व किनाऱ्यावरचा प्रवाह तसा नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तो चेन्नईकडून बंगालकडे, म्हणजे उत्तरेला जोरात वाहतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोच प्रवाह दिशा बदलून दक्षिणेला धावतो. जगातल्या फार थोड्या मोठ्या किनारी प्रवाहांचा असा कायापालट होतो. कारण उघड आहे. उत्तर हिंदी महासागरावरचे वारेच वर्षातून दोनदा उलटतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. मात्र इथं एक कोडं आहे. हा प्रवाह डोक्यावरच्या वाऱ्याचं निमूट ऐकत नाही. नैर्ऋत्येचा वारा जूनमध्ये ऐन भरात येतो, पण उत्तरेकडे जाणारा प्रवाह त्याच्या कितीतरी आधी, मार्च-एप्रिलमध्येच सर्वांत जोरकस असतो. वाऱ्याच्या आधी प्रवाह कसा? हे कोडं सोडवायलाच संगणकातलं गणिती मॉडेल लागलं.

४. चार संशयित आणि एक तपास

१९९० च्या दशकात गोव्याच्या दोनापावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि बंगळुरूची विज्ञान संस्था, दोन्हीकडे या कोड्यावर काम झालं. संशयित चार होते. पहिला, किनाऱ्यालगतचा स्थानिक वारा. दुसरा, उपसागराच्या मध्यावरचा वारा. तो एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला हळू वाहिला की पाण्याला पीळ बसतो, कुठे पाणी वर खेचलं जातं, कुठे खाली दाबलं जातं. तिसरा, दूर म्यानमार-बांगलादेशच्या किनाऱ्यावरचा वारा. चौथा, थेट विषुववृत्तावरचा वारा. संगणकातल्या समुद्राचा मोठा फायदा असा की त्यात एकेक वारा बंद करून बघता येतो. १९९६ मध्ये या दोन संस्थांतल्या पी. एन. विनयचंद्रन, सतीश शेट्ये, देबाशिष सेनगुप्ता आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपसागराचे प्रवाह नेमके कोण हलवतं, यावर शोधनिबंध लिहिला. तो प्रसिद्ध झाला बंगळुरूहूनच निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये. त्या काळातल्या तपासाचा निष्कर्ष असा की गुन्हेगार एकटा नाही. वसंतातल्या उत्तरवाहिनी प्रवाहात मध्यावरच्या वाऱ्याच्या पिळाचा वाटा मोठा आहे, आणि इतर ऋतूंत दूरच्या वाऱ्यांची भर पडते.

५. धक्का सुमात्राला, परिणाम कोकणात

विषुववृत्तावर वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पश्चिमेकडून वारे सुटतात आणि पाण्याचा एक वेगवान झोत पूर्वेला धावतो. १९७३ मध्ये क्लाउस विर्टकी या शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला, म्हणून तो विर्टकी झोत. हा झोत सुमात्राच्या किनाऱ्यावर धडकतो. तिथून जी लाट निघते तिला केल्विन लाट म्हणतात. ही डोळ्यांनी दिसणारी लाट नव्हे. ती शेकडो किलोमीटर लांब असते आणि तिच्यामुळे पाणी जेमतेम काही सेंटिमीटर चढतं किंवा उतरतं. उत्तर गोलार्धात ही लाट किनारा कायम आपल्या उजव्या हाताला ठेवून चालते. त्यामुळे ती सुमात्रावरून अंदमान समुद्र, म्यानमार, बांगलादेश, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू असा अख्खा उपसागर प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरते. वेग दिवसाला दोनशे किलोमीटरपर्यंत. पुढे श्रीलंकेला वळसा घालून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्याने वर सरकते. म्हणजे मालवण-रत्नागिरीच्या पाण्यातल्या एखाद्या चढउताराचं मूळ पार इंडोनेशियाजवळ असू शकतं!

६. समुद्रालाही उतार असतो

आपण ‘समुद्रसपाटी’ म्हणतो, पण समुद्र सपाट नसतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे ढकललं जातं. मार्चमध्ये प्रवाह उत्तरेला जातो तेव्हा त्याची उजवी बाजू खोल समुद्राकडे असते. पाणी तिकडे चढतं आणि किनाऱ्यावर उतरतं. नोव्हेंबरमध्ये प्रवाह दक्षिणेला वळतो, उजवीकडे किनारा येतो आणि तिथलं पाणी चढतं. विशाखापट्टणमच्या भरतीमापकावर रोजची भरती-ओहोटी वजा केली की नेमकं हेच दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये नीचांक, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उच्चांक. उतार केवढा? सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा प्रवाह असेल, तर त्या अक्षांशावर १०० किलोमीटरच्या रुंदीत जेमतेम २० सेंटिमीटर, म्हणजे एक वीतभर. एवढ्या किरकोळ उतारावर केवढं पाणी तोलून धरलं जातं! प्रवाह कळला की पातळी कळते, पातळी कळली की प्रवाह कळतो.

७. विशाखापट्टणम वर, मुंबई खाली

विसाव्या शतकात जमिनीवरून इंच इंच मोजत केलेल्या सर्वेक्षणांत दिसलं, की विशाखापट्टणमला समुद्राची सरासरी पातळी मुंबईपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर उंच आहे. एवढा फरक कशामुळे? डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००१ मध्ये याचं उत्तर दिलं. मुख्य कारण मीठ. खारं पाणी जड, म्हणून ते कमी जागेत मावतं. मचूळ पाणी हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त उंची लागते. हिशोब वहीवर करून बघता येईल. एका किलोत एक ग्रॅम मीठ कमी झालं की पाण्याची घनता साधारण ०.०७६ टक्क्यांनी घटते. आता ३० मीटर जाडीचा थर घ्या आणि त्यातलं मीठ किलोमागे ५ ग्रॅमने कमी करा. पाण्याची पातळी सुमारे ११ सेंटिमीटर वर चढली! एक थेंबही जास्त न ओतता, केवळ मीठ कमी झाल्यामुळे.

८. अपोलो बंदराची दीडशे वर्षांची नोंद

मुंबईच्या अपोलो बंदरावरची समुद्रपातळीची नोंद १८७८ पासूनची आहे. अख्ख्या हिंदी महासागरात इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या. १९९९ मध्ये शंकर आणि शेट्ये यांनी ही नोंद भारतातल्या पावसाच्या आकड्यांशेजारी ठेवली आणि एक चकित करणारी गोष्ट समोर आली. दशकादशकांचा विचार केला, तर पाऊस भरपूर झालेल्या काळात मुंबईचा समुद्रही वर, आणि पाऊस कमी झालेल्या काळात तोही खाली. त्यांनी मांडलेला दुवा असा. जास्त पाऊस झाला की नद्या उपसागरात जास्त गोडं पाणी नेतात, ते पाणी हिवाळ्यात किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेला आणि पुढे पश्चिम किनाऱ्याकडे वळतं, किनाऱ्यालगतचा खारटपणा बदलतो आणि त्यासोबत पातळीही. गंगेच्या खोऱ्यातल्या पावसाची खूण गेटवे ऑफ इंडियाच्या पायाशी!

९. हवासुद्धा पाणी दाबते

हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. जानेवारीत उपसागराच्या उत्तर टोकावर हवेचा दाब जास्त असतो, जुलैत तो १५ मिलिबारच्या आसपास कमी होतो. म्हणजे फक्त हवेचं ओझं हलकं झाल्यामुळे पावसाळ्यात तिथलं पाणी सुमारे १५ सेंटिमीटर वर असतं. त्यात नद्यांचा पूर आणि दक्षिणेकडून रेटणारा वारा मिळवा. बांगलादेशच्या सखल भागात पावसाळी भरतीची धास्ती का असते, ते लगेच कळेल.

१०. समुद्रातली नदी आणि कोळ्यांच्या बाटल्या

पावसाळा संपता संपता गंगा-ब्रह्मपुत्रेचं मचूळ पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून दक्षिणेकडे निघतं. हा पट्टा केवळ १०० किलोमीटर रुंद. शास्त्रज्ञांनी त्याला ‘समुद्रातली नदी’ म्हटलं. ती शोधली कशी? पूर्व किनाऱ्यावरच्या निवडक ठिकाणच्या कोळीबांधवांनी दर पाच दिवसांनी किनाऱ्याजवळच्या पाण्याचे नमुने भरून दिले. प्रयोगशाळेत त्यातलं मीठ मोजलं गेलं. वर्षानुवर्षांच्या या नमुन्यांतून चित्र स्पष्ट झालं. पावसाळ्याच्या अखेरीस उत्तरेकडे खारटपणा किलोमागे १० ग्रॅमहूनही जास्त घसरतो, आणि ही घसरण सुमारे अडीच महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकापर्यंत पोचते. २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. कोट्यवधींचे उपग्रह असतानाही किनाऱ्याच्या इतक्या जवळचा खारटपणा टिपायला होडीतल्या माणसाचा हात लागला, ही फार मोलाची गोष्ट आहे.

११. मग उपसागर अळणी का होत नाही?

दरवर्षी एवढं गोडं पाणी ओतलं जातं, तर शतकानुशतकांत उपसागर गोड व्हायला हवा होता. तसं होत नाही, कारण मिठाची भरपाई अरबी समुद्राकडून येते. पावसाळ्यात श्रीलंकेच्या दक्षिणेकडून एक प्रवाह पूर्वेला निघतो आणि डावीकडे वळून उपसागरात शिरतो. विनयचंद्रन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काढलेला हिशोब सांगतो, की मे ते सप्टेंबर या काळात सेकंदाला सुमारे १ कोटी घनमीटर पाणी असं आत येतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी टाकतात, त्याच्या आठपट! खारं आणि जड असल्यामुळे हे पाणी मचूळ थराखाली सरकतं. मग वर कसं येतं? २००९ च्या सागरी मोहिमेतल्या मोजणीवरून २०१३ मध्ये विनयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दक्षिण उपसागरात काही ठराविक जागी हे खारं पाणी वर उचललं जातं. त्यांनी त्याला पावसाळी ‘पंप’ म्हटलं.

१२. श्रीलंकेच्या शेजारी थंड घुमट

पावसाळ्यात श्रीलंकेच्या पूर्वेला खोलवरचं थंड पाणी घुमटासारखं वर उचललं जातं. मे महिन्यात त्याची सुरुवात होते, जुलैत तो ऐन भरात असतो, सप्टेंबरपर्यंत विरतो. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी १९९८ मध्ये ‘श्रीलंका डोम’ जगासमोर मांडला. खालचं पाणी पोषकद्रव्यांनी भरलेलं असतं. ते उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यामागोमाग मासळी. प्रवाहांचं गणित असं थेट जाळ्यापर्यंत पोचतं.

१३. अठ्ठावीस अंशांची रेषा

१९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांचा एक गाजलेला निबंध आला. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर गेलं, की मोठे पावसाळी ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. त्याखाली ते क्वचितच उभे राहतात. ऊब असली की ढग येतीलच असं नाही, पण उबेशिवाय ते येत नाहीत. अरबी समुद्राचा बराचसा भाग पावसाळ्यात या रेषेखाली जातो, उपसागर बहुतेक काळ वर राहतो. याचंही गुपित मिठात आहे. वरचा मचूळ थर हलका असतो, तो खालच्या जड खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही. वाऱ्याला घुसळायला फक्त हा पातळ थर मिळतो, आणि तो उन्हाने पटकन तापतो. २००८ मध्ये सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पावसाळ्यानंतर उत्तर उपसागरात चक्रीवादळाने पाणी ढवळलं तरी पृष्ठभाग थंड होत नाही. म्हणजे वादळाला मिळणारी ऊब तुटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांचा अंदाज बांधताना खारटपणा ठाऊक हवा, तो यासाठी.

१४. संगणकात समुद्र बसवतात कसा?

आधी उपसागराचे चौकोन पाडायचे, समजा १० किलोमीटरचे. प्रत्येक चौकोन खोलीनुसार थराथरांत कापायचा. प्रत्येक खणाचं तापमान, मीठ आणि वेग लिहायचा. मग वारा, ऊन, पाऊस, नद्या यांचे आकडे देऊन पुढच्या काही क्षणांनी काय होईल ते काढायचं, आणि हेच लाखो वेळा करत राहायचं. ४,००० मीटर खोल समुद्रात पृष्ठभागावरची लांब लाट ताशी ७०० किलोमीटरने धावते. १० किलोमीटरचा खण ती ५० सेकंदांत ओलांडते. गणिताचं पाऊल यापेक्षा लांब टाकलं की आकडे भरकटतात. म्हणजे एका वर्षासाठी सहा लाखांहून जास्त पावलं! १९६९ मध्ये प्रिन्स्टनच्या कर्क ब्रायन यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी मॉडेलमधल्या समुद्रावर चक्क एक घट्ट झाकण ठेवलं. लाटच नाही, म्हणून पाऊल लांब टाकता आलं. पाण्याची पातळी मात्र झाकणावरच्या दाबावरून मागाहून काढायची. आजची मॉडेलं झाकण काढून पृष्ठभागाचा हिशोब छोट्या पावलांनी वेगळा करतात, आणि आतल्या पाण्याचा मोठ्या पावलांनी.

१५. स्थिर पाण्यापासून सुरुवात

बहुतेक वेळा मॉडेल निश्चल समुद्रापासून सुरू होतं. मग सरासरी वर्षाचे वारे आणि पाऊस त्याला पुन्हा पुन्हा दिले जातात. जानेवारी ते डिसेंबर, परत जानेवारी ते डिसेंबर. काही वर्षांनी प्रवाह आणि पातळी यांचं चक्र स्थिरावतं, यंदाचा मार्च गेल्या मार्चसारखा दिसू लागतो. मग खरी गंमत सुरू होते, ‘असं नसतं तर?’ विचारायची. २०१६ मध्ये बेहेरा आणि विनयचंद्रन यांनी पाऊस आणि नद्या यांचा उपसागरावरचा परिणाम असाच तपासला. गोडं पाणी वगळलेल्या संगणकी उपसागराची उत्तरेकडची बाजू वास्तवापेक्षा खूपच खारट होते. खऱ्या गंगेला कुणी महिनाभर थांबवू शकत नाही. मॉडेलमध्ये तिला थांबवून तिचं महत्त्व मोजता येतं.

१६. उपग्रह वर, बोट खाली

मॉडेल बरोबर की चूक, हे ठरवतो खरा समुद्र. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा ‘सरल’ उपग्रह झेपावला. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून तो समुद्राची पातळी काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजत असे. वाऱ्याचे आकडे ओशनसॅट मालिकेतून आले. खाली पाण्यावर १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘बॉबमेक्स’ मोहीम झाली, त्यात ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ या बोटींनी भर पावसाळ्यात मोजणी केली. २०१६ च्या जून-जुलैमध्ये ‘बॉबल’ मोहिमेसाठी ‘सिंधु साधना’ निघाली. सोबत ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या चमूचे पाच ग्लायडर होते. या यंत्रांना पंखा नसतो. स्वतःला थोडं जड, थोडं हलकं करत ती खाली-वर तरंगत पुढे सरकतात आणि पृष्ठभागावर आली की उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. गणिताचं बळही वाढलंय. २०२२ मध्ये विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’ महासंगणक सुरू झाला, तो पुण्याच्या सी-डॅकच्या सहभागातून. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ३,३०० लाख कोटी आकडेमोडी!

१७. एक बंद समुद्र

तुलनेसाठी कॅस्पियन समुद्र बघा. तो चारही बाजूंनी बंद. त्याची पातळी महासागरापेक्षा सुमारे २९ मीटर खाली. त्यात येणाऱ्या नदीच्या पाण्यातला ८० टक्के वाटा एकट्या व्होल्गाचा. रशियातला बर्फ वितळून व्होल्गाला पूर येतो, म्हणून उन्हाळ्यात कॅस्पियन सर्वांत वर असतो आणि हिवाळ्यात सर्वांत खाली. पाणी खूप उतरतंय म्हणून १९८० मध्ये कारा-बोगाझ-गोल या खाडीच्या तोंडावर बांध घातला गेला. प्रत्यक्षात पातळी १९७७ नंतरच चढायला लागली होती. १९९५ पर्यंत ती सुमारे अडीच मीटर चढली, आणि १९९२ मध्ये बांध काढून टाकावा लागला. पातळी का चढते-उतरते, ते नीट कळलं नाही की केवढी महागडी चूक होते, त्याचा हा धडा. आपल्या उपसागराला दक्षिणेची बाजू उघडी आहे, जास्तीचं पाणी बाहेर पडायला वाट आहे. म्हणूनच त्याचा हिशोब पातळीइतकाच प्रवाहांचा आहे.

या साऱ्याचा मथितार्थ एवढाच, की बंगालच्या उपसागराची किल्ली मिठात आहे, आणि मीठ मोजल्याशिवाय कुठलंही मॉडेल आंधळं आहे. अपोलो बंदरावरचा भरतीमापक, पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्याची बाटली आणि बंगळुरूतला महासंगणक, तिघांची गरज सारखीच. म्हणून समुद्राच्या जुन्या-नव्या नोंदी अखंड चालू राहिल्या पाहिजेत, त्यांच्यासाठी पैसा आणि माणसं कमी पडता कामा नयेत. हैदराबादचं महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, समुद्राच्या स्थितीचे अंदाज रोज सर्वांसाठी खुले ठेवतं. ते जरूर बघा, शाळेतल्या मुलांना दाखवा. आणि घरात कुणाला गणित किंवा भौतिकशास्त्र आवडत असेल, तर त्याला सांगा, की समुद्रविज्ञानाला अशा डोक्यांची फार गरज आहे. त्यासाठी समुद्रकाठी राहावं लागत नाही, हे बंगळुरूने पन्नास वर्षं दाखवून दिलं आहे.